‘फक्त एकदाच’ : कोकेनच्या पहिल्या चिमटीतील धोका

एप्रिल २०२५ मध्ये मिरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालयाच्या गुन्हे शाखेने मिरा रोड येथील एका सदनिकेतून अकरा किलोहून अधिक कोकेन हस्तगत केले. या कारवाईत जप्त झालेल्या अमली पदार्थांची एकूण किंमत बावीस कोटी रुपयांच्या वर असल्याचे सांगण्यात आले. वर्तमानपत्रांनी ही बातमी ठळकपणे छापली, दोन दिवस चर्चा झाली आणि नेहमीप्रमाणे ती मागे पडली.

परंतु त्या आकड्याचा थोडा विचार करावयास हवा. कोकेन घेणारे ज्या एका मात्रेला ‘लाइन’ म्हणतात, ती साधारण पन्नास मिलिग्रॅमची धरली, तर अकरा किलोमधून दोन लाखांहून अधिक मात्रा होतात. २०११ च्या जनगणनेनुसार मिरा-भाईंदरची लोकसंख्या ८ लाख ९ हजार होती. हा सारा माल आपल्याच शहरात विकला जाणार होता, असे कोणी म्हणणार नाही. तो मुंबईच्या दिशेनेही गेला असता आणि कदाचित त्याही पलीकडे. तरीही, एवढ्या मात्रा कोठल्या तरी तरुण हातांत पडणार होत्या, हे निश्चित. आणि त्यांपैकी काही हात असे असणार होते, ज्यांनी तोवर या पदार्थाला कधी स्पर्शही केला नव्हता.

प्रस्तुत लेख तस्करांविषयी नाही. त्यांचा समाचार घेण्यास कायदा आहे. हा लेख त्या तरुणाविषयी आणि त्या तरुणीविषयी आहे, ज्यांच्यापुढे एखाद्या वाढदिवशी, लग्नाच्या आदल्या रात्री किंवा ३१ डिसेंबरला कोणी तरी मित्र हात पुढे करतो आणि म्हणतो, ‘एकदा घेऊन तर बघ, काही होत नाही.’ नवख्याला पहिली मात्रा बहुधा विकत घ्यावी लागत नाही. ती आग्रहाने, मैत्रीच्या नावाने आणि पुष्कळदा फुकट मिळते. म्हणूनच या पहिल्या क्षणाविषयी शांतपणे आणि अतिशयोक्ती न करता बोलणे आवश्यक आहे.

अतिशयोक्ती का नको?

व्यसनविरोधी प्रचारात आपण वडीलधारी माणसे पुष्कळदा असे सांगतो की, एकदा घेतले की मनुष्य मेलाच, नाही तर कायमचा गुलाम झालाच. तरुण मुले हे ऐकतात. मग त्यांना असा एखादा मित्र दिसतो, ज्याने दोन-तीन वेळा कोकेन घेतले आणि जो दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे ७.४२ च्या लोकलने कामावर गेला. त्या क्षणी आपले सारे बोलणे त्यांच्या दृष्टीने खोटे ठरते आणि आपल्या खऱ्या सूचनाही त्या खोट्याबरोबर वाहून जातात.

म्हणून जे खरे आहे तेच सांगू. कोकेन एकदा घेणारे बहुसंख्य लोक त्या रात्री मरत नाहीत. एकदा घेणारा प्रत्येक जण व्यसनी होत नाही. धोका आहे तो वेगळ्याच ठिकाणी. आपण वाचणाऱ्यांत आहोत की न वाचणाऱ्यांत, ‘एकदाच’वर थांबणाऱ्यांत आहोत की न थांबणाऱ्यांत, हे घेण्यापूर्वी कोणालाही समजू शकत नाही. ते फक्त घेतल्यानंतर समजते. ‘एकदाच’ हा शब्द भूतकाळाविषयी बोलताना खरा असू शकेल. भविष्यकाळाविषयी तो कोणीही खात्रीने उच्चारू शकत नाही. पुढील विवेचन याच एका मुद्द्याचे आहे.

हा पदार्थ आहे तरी काय?

दक्षिण अमेरिकेतील पेरू, बोलिव्हिया आणि कोलंबिया या देशांच्या डोंगराळ प्रदेशात कोका नावाचे झुडूप होते. तेथील आदिवासी शतकानुशतके त्याची पाने चघळत आले आहेत. कष्टाच्या कामात थकवा व भूक जाणवू नये, हा त्यांचा हेतू. या पानातील क्रियाशील द्रव्य १८६० च्या सुमारास जर्मन रसायनशास्त्रज्ञ आल्बर्ट नीमान याने वेगळे केले व त्यास ‘कोकेन’ हे नाव दिले. पान चघळणे आणि शुद्ध केलेली पूड नाकाने ओढणे यांत मोठे अंतर आहे. पानातून अल्प द्रव्य हळूहळू रक्तात उतरते. पूड काही मिनिटांत मेंदू गाठते.

१८८४ साली व्हिएन्नातील डॉक्टर कार्ल कोलर यांनी दाखवून दिले की, कोकेनचे थेंब डोळ्यात टाकल्यास डोळा बधिर होतो आणि वेदनेशिवाय शस्त्रक्रिया करता येते. वैद्यकाला हे वरदान वाटले. पाहता पाहता हे औषध जगभर पोहोचले आणि भारतातही आले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या आरंभी भारतात कोकेनचा जो प्रसार झाला, तो श्रीमंतांच्या मेजवान्यांतून झाला नाही. तो पानाच्या विड्यातून झाला. जर्मनीतून व पुढे जपानमधून येणारे कोकेन चुन्याबरोबर पानात घालून कलकत्ता, मुंबई आणि उत्तरेकडील शहरांत विकले जात असे. इंग्रज सरकारने प्रांतोप्रांती निर्बंध घातले, पुढे १९३० चा घातक अमली पदार्थविषयक कायदा आला आणि स्वतंत्र भारतात त्याची जागा १९८५ च्या ‘एनडीपीएस’ कायद्याने घेतली. सांगावयाचे तात्पर्य असे की, ‘हे परदेशी आणि श्रीमंतांचे प्रकरण आहे, आपल्याकडे कोठून येणार?’ हा समज शंभर वर्षांपूर्वीही खरा नव्हता.

आज हा पदार्थ विमानतळांवर माणसांच्या पोटातून आणि बंदरांवर मालाच्या कंटेनरमधून येतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये महसूल गुप्तचर संचालनालयाने न्हावा-शेवा बंदरात दक्षिण आफ्रिकेहून आलेल्या फळांच्या कंटेनरमधून सुमारे पन्नास किलो कोकेन पकडले होते. ते हिरव्या सफरचंदांच्या खोक्यांत दडविलेले होते. दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या व २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार भारतात कोकेन घेणाऱ्यांचे प्रमाण हजारात सुमारे एक एवढे होते. हे प्रमाण अल्प आहे, ही समाधानाची गोष्ट होय. पण त्याच कारणामुळे आपल्या घरांत, शाळांत आणि धर्मग्रामांत या विषयावर बोलणे होत नाही. आणि जेथे बोलणे होत नाही, तेथे मित्राचे एक वाक्य हीच एकमेव माहिती उरते.

शरीरात काय घडते?

आनंद, उत्साह आणि सावधपणा यांसाठी आपल्या मेंदूत काही रासायनिक दूत काम करीत असतात. डोपामिन आणि नॉरॲड्रेनॅलिन हे त्यांपैकी दोन. आपले काम झाल्यावर हे दूत पुन्हा पेशीत परत घेतले जातात. कोकेन हा परतीचा मार्ग बंद करते. त्यामुळे मेंदूत त्यांचा पूर येतो. मनुष्याला विलक्षण आत्मविश्वास वाटतो, झोप आणि भूक नाहीशी होते, शब्द भराभर येतात. नाकाने घेतलेल्या मात्रेचा हा अंमल साधारणपणे पंधरा ते तीस मिनिटे टिकतो. नंतर तितक्याच वेगाने उदासी येते आणि ती घालविण्यासाठी मन दुसरी मात्रा मागते.

हे झाले मेंदूचे. त्याच वेळी हृदयावर तिहेरी आघात होत असतो. ठोके वाढतात व रक्तदाब चढतो, म्हणजे हृदयाला अधिक प्राणवायूची गरज भासते. नेमक्या त्याच क्षणी हृदयाला रक्त पुरविणाऱ्या धमन्या आकुंचन पावतात, म्हणजे पुरवठा घटतो. शिवाय रक्तातील गुठळी होण्याची प्रवृत्ती वाढते. याखेरीज हृदयाचे ठोके ज्या विद्युत्‌प्रवाहावर चालतात, त्यातही कोकेन अडथळा आणते. धमन्या स्वच्छ असलेल्या, पंचविशीतील मनुष्याला हृदयविकाराचा झटका कसा येतो, याचे उत्तर या वर्णनात आहे.

अमेरिकेतील संशोधकांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात असे आढळले की, कोकेन घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका एरवीच्या तुलनेत सुमारे चोवीस पटींनी वाढतो. तरुण माणसाचा मूळ धोका फार थोडा असतो, त्यामुळे चोवीस पटींनंतरही बहुतेक जण वाचतात. परंतु ज्याच्या हृदयात जन्मतःच काही दोष दडलेला आहे, त्याला या हिशोबाचा काय उपयोग? ठोक्यांच्या लयीतील कित्येक आनुवंशिक दोष असे असतात की, ज्यांचे कोणतेही लक्षण तोवर दिसलेले नसते. तो मुलगा फुटबॉल खेळलेला असतो, उत्तनच्या समुद्रात पोहलेला असतो. आपल्यात असा काही दोष आहे, हे त्याला ठाऊक नसते आणि त्याच्या आईलाही नसते.

आणखी एक उदाहरण देता येईल. रक्तात ‘स्यूडोकोलिनएस्टरेज’ नावाचे एक विकर असते. शरीरातील कोकेनचे विघटन करण्याच्या कामात त्याचा मोठा वाटा असतो. काही माणसांत हे विकर जन्मतःच कमी असते आणि काही भारतीय समाजगटांत अशी माणसे अधिक आढळतात. एरवी त्यांना कसलाही त्रास होत नाही. बहुधा एखाद्या शस्त्रक्रियेत भुलीचे विशिष्ट औषध दिल्यावरच ही गोष्ट उघड होते. अशा माणसाच्या शरीरात कोकेन अधिक काळ रेंगाळू शकते आणि इतरांना सोसवणारी मात्रा त्याला सोसवत नाही. पाच मित्रांनी सारखीच पूड घेतली आणि चौघे हसत राहिले, यावरून पाचव्याविषयी काहीच सिद्ध होत नाही.

१९८६ साली अमेरिकेत घडलेली एक घटना या संदर्भात आजही सांगितली जाते. लेन बायस हा बावीस वर्षांचा, उंचपुरा, कमालीचा धडधाकट बास्केटबॉलपटू होता. १७ जून रोजी बोस्टन सेल्टिक्स या नामवंत संघाने त्याची निवड केली. उभे आयुष्य पुढे होते. १९ जूनच्या सकाळी, रात्री मित्रांच्या सोबतीत घेतलेल्या कोकेनमुळे, त्याच्या हृदयाची लय बिघडली आणि तो मरण पावला. व्यायामाने कमावलेले शरीर हे या पदार्थाविरुद्ध कवच नव्हे, हे त्या मृत्यूने साऱ्या जगाला दाखवून दिले.

आपल्या हवेत, आपल्या मेजवानीत

दोन गोष्टी आपल्या परिसराच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या आहेत.

पहिली म्हणजे उष्मा. कोकेनमुळे शरीराचे तापमान वाढते आणि अंगातील उष्णता बाहेर टाकण्याची शक्ती कमी होते. न्यूयॉर्क शहरातील १९९० ते १९९५ या काळातील मृत्यूंचा अभ्यास केला असता असे दिसले की, ज्या दिवशी कमाल तापमान ३१.१ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक होते, त्या दिवशी कोकेनच्या अतिसेवनाने होणाऱ्या मृत्यूंची सरासरी इतर दिवसांच्या तुलनेत ३३ टक्क्यांनी अधिक होती. न्यूयॉर्कमध्ये एकतीस अंश म्हणजे कडक उन्हाळा. भाईंदरच्या खाडीकाठी तो वर्षातील कितीतरी महिने नेहमीचा दिवस असतो, वर दमट हवा. त्यातच बंद खोली, गर्दी आणि तासन्‌तास नाच असेल, तर संकटाची सारी सामग्री आपोआप एकत्र येते.

दुसरी गोष्ट मद्याची. आपल्याकडील मेजवान्यांत कोकेन बहुधा एकटे येत नाही; आधी ग्लास आलेला असतो. मद्य आणि कोकेन एकाच वेळी शरीरात असतील, तर यकृतात त्या दोहोंपासून ‘कोकाएथिलीन’ नावाचे तिसरेच द्रव्य तयार होते. ते कोकेनपेक्षा अधिक काळ रक्तात टिकते आणि हृदयाला अधिक घातक ठरते. शिवाय कोकेनच्या तरतरीमुळे दारू चढलेली जाणवत नाही. मग मनुष्य आणखी पितो आणि ‘मी अगदी शुद्धीत आहे’ असे म्हणत घोडबंदर रस्त्यावर मोटारसायकल काढतो.

पुडीत काय आहे?

औषधाच्या दुकानातील गोळीवर घटक, मात्रा आणि मुदत छापलेली असते. पांढऱ्या पुडीवर काहीच नसते. मूळ उत्पादकापासून शेवटच्या विक्रेत्यापर्यंत जितके हात, तितक्या भेसळी. बधिरता आणणारी लिडोकेनसारखी स्वस्त औषधे त्यात मिसळली जातात, कारण ओठाला लावताच ‘अस्सल’ बधिरता जाणवते. जनावरांच्या पोटातील जंतांवर दिले जाणारे लेव्हामिसोल हे औषध जगभर कोकेनच्या भेसळीत सापडले आहे. ते रक्तातील पांढऱ्या पेशी घटवून रोगप्रतिकारशक्तीच कोसळवू शकते. अमेरिकेत गेल्या काही वर्षांत फेन्टानिल या अतितीव्र द्रव्याच्या भेसळीने, आपण केवळ कोकेन घेत आहोत असे समजणाऱ्या अनेकांचा बळी घेतला.

आपल्याकडे कोकेन महाग आणि मेफेड्रोन, म्हणजे तरुणांच्या भाषेतील ‘एमडी’, त्यामानाने स्वस्त. दोन्ही पांढरट पुडी; नवख्याला फरक कळण्याचे कारण नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच पोलीस आयुक्तालयाच्या पथकाने काशिमिरा परिसरात सापडलेल्या मेफेड्रोनचा माग काढीत थेट हैदराबादजवळील चेर्लापल्ली येथे ते बनविणारा कारखाना गाठला होता. प्रयोगशाळेत बनणारा हा पदार्थ कोणत्या नावाने आणि कशात मिसळून विकला जाईल, याची हमी विक्रेताही देऊ शकत नाही. तेव्हा ‘मी कोकेन एकदाच घेतले’ हे वाक्यही पूर्णपणे खरे असेलच असे नाही. जे घेतले ते काय होते, हेच घेणाऱ्याला ठाऊक नसते.

‘प्रयोग’ या शब्दाविषयी

तरुण मंडळी याला ‘एक्सपेरिमेंट’ म्हणतात. हा शब्द मोठा प्रतिष्ठित आहे. परंतु प्रयोग म्हणजे काय? ज्यात द्रव्य शुद्ध आहे, मात्रा मोजलेली आहे, कोणी तरी जाणकार निरीक्षण करीत आहे आणि काही बिघडल्यास थांबविण्याची सोय आहे, तो प्रयोग. मेजवानीतील चिमटीपाशी यांपैकी एकही गोष्ट नसते.

आणि या साऱ्या गोष्टी असतानाही काय घडू शकते, याचे उदाहरण वैद्यकाच्या इतिहासात आहे. विल्यम हॉल्स्टेड हे न्यूयॉर्कचे अत्यंत बुद्धिमान शल्यविशारद. कोलर यांच्या शोधाची वार्ता १८८४ मध्ये अमेरिकेत पोहोचताच त्यांनी मज्जातंतू बधिर करण्याच्या पद्धतीवर काम सुरू केले आणि शास्त्रीय हेतूने स्वतःवर व सहकाऱ्यांवर कोकेनचे प्रयोग केले. शुद्ध औषध, मोजलेली मात्रा, निष्णात डॉक्टर! तरीही ते त्याच्या आहारी गेले. १८८६ मध्ये त्यांना उपचारासाठी मनोरुग्णालयात दाखल व्हावे लागले. पुढे जॉन्स हॉपकिन्स येथे त्यांनी आधुनिक शस्त्रक्रियेचा पाया घातला खरा. परंतु कोकेनवरील उपाय म्हणून आलेले मॉर्फिन त्यांना दीर्घकाळ सोडवले नाही. ज्याला या पदार्थाविषयी त्या काळी सर्वाधिक ज्ञान होते, त्यालाही ज्ञानाने वाचविले नाही.

आता आकडा पाहू. अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासाचा निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार कोकेन घेऊन पाहणाऱ्यांपैकी सुमारे पाच ते सहा टक्के माणसे पहिल्या वर्षातच त्याच्या अधीन झाली आणि दहा वर्षांच्या अवधीत हे प्रमाण पंधरा ते सोळा टक्क्यांवर गेले. म्हणजे घेऊन पाहणाऱ्या वीस जणांतील एक वर्षभरात, आणि सहा-सात जणांतील एक पुढील दशकात. उरलेले बचावले, हे मान्य. पण सहा-सात घोड्यांपैकी एक नक्की पाडणार आहे हे ठाऊक असताना, कोणता ते ठाऊक नसताना, आपण आपल्या मुलाला त्यांपैकी एकावर बसवू का? त्या व्यसनी झालेल्यांपैकी प्रत्येकाने पहिल्या वेळी ‘फक्त एकदाच’ असेच म्हटलेले असणार, हेही विसरता कामा नये.

कायदा आणि चरितार्थ

आपल्याकडे कोकेनचे केवळ सेवन हादेखील गुन्हा आहे. एनडीपीएस कायद्याच्या कलम २७ नुसार त्यासाठी एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. जवळ बाळगल्यास दोन ग्रॅमपर्यंतचे प्रमाण ‘अल्प’ आणि शंभर ग्रॅमपासून पुढचे ‘व्यापारी’ समजले जाते. व्यापारी प्रमाणासाठी किमान दहा वर्षांची सक्तमजुरी आहे. मित्रासाठी पुडी खिशात ठेवणारा मुलगा आपल्याला विक्रेता समजत नाही. कायद्यापुढे मात्र ती पुडी बाळगणारा तोच असतो. आपले घर, बंगला वा खोली अशा कामासाठी वापरू दिली, हे ठाऊक असूनही गप्प राहिले, तर मालकालाही कलम २५ लागू होऊ शकते. गोराई-उत्तनच्या पट्ट्यात सुट्टीच्या दिवसांसाठी बंगले भाड्याने देणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

चरितार्थाचाही प्रश्न आहे. आपल्या कोळी आणि ख्रिस्ती कुटुंबांतील किती तरी मुले व्यापारी जहाजांवर, प्रवासी बोटींवर आणि आखाती देशांत काम करतात. जहाजांवर अमली पदार्थांची चाचणी अचानकही घेतली जाते. कोकेनचा अंमल अर्ध्या तासात उतरतो. त्याचे अवशेष लघवीत दोन ते चार दिवस आणि केसांत काही महिने सापडू शकतात. एका रात्रीच्या मौजेपायी वर्षानुवर्षे कर्ज काढून मिळविलेली नोकरी जाऊ शकते. आणि गुन्हा नोंदला गेलाच, तर परदेशी जाण्यासाठी लागणारे पोलिसांचे प्रमाणपत्र मिळणे कठीण होते.

त्या क्षणी काय करावे?

समजा, घडू नये ते घडले आणि आपण तेथे उपस्थित आहोत. छातीत दुखणे, धाप, असह्य डोकेदुखी, अंग तापणे, कमालीची भीती किंवा भ्रम, आकडी, बेशुद्धी यांपैकी एकही लक्षण दिसल्यास ‘थोड्या वेळाने उतरेल’ म्हणून वाट पाहू नये. अशा मृत्यूंत पुष्कळदा पदार्थाइतकीच घातक ठरते ती सोबत्यांची भीती. पोलीस येतील, घरी कळेल, या धास्तीने एक तास वाया जातो आणि तोच तास मोलाचा असतो.

१०८ किंवा ११२ क्रमांकावर दूरध्वनी करावा. रुग्णास गर्दीतून बाजूला, हवेशीर व थंड जागी न्यावे. कपडे सैल करावेत. अंग तापले असल्यास ओल्या फडक्याने पुसत राहावे. शुद्ध हरपली असून श्वास चालू असेल, तर कुशीवर वळवावे, म्हणजे उलटी घशात जाणार नाही. आकडी आल्यास हातपाय दाबून धरू नयेत, तोंडात काही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवू नये. लिंबूपाणी, ताक वा कॉफी हा यावर उतारा नाही. कोकेनवर उतारा ठरेल असे औषध वैद्यकाकडेही नाही. तेथे लक्षणांवर उपचार होतात, आणि ते वेळेवर झाले तर प्राण वाचतात.

डॉक्टरांना खरे सांगावे, हे सर्वांत महत्त्वाचे. याला केवळ नैतिक नव्हे, वैद्यकीय कारण आहे. हृदयविकाराच्या झटक्यात एरवी दिली जाणारी ‘बीटा-ब्लॉकर’ गटातील औषधे कोकेनच्या अमलाखाली असलेल्या रुग्णास अपाय करू शकतात, म्हणून डॉक्टर अशा वेळी ती टाळतात आणि दुसरी औषधे देतात. ‘काहीतरी बाधले असेल’ असे सांगून मित्राची अब्रू राखू पाहणारा नकळत त्याचा जीव धोक्यात घालतो.

ज्याने घेतले आहे त्याच्यासाठी

हा लेख वाचणाऱ्यांत असा एखादा असू शकेल, ज्याने एकदा घेतले आहे आणि जो त्याविषयी कोणाशीच बोललेला नाही. त्याला आम्ही इतकेच सांगू इच्छितो की, दार बंद झालेले नाही. आपण वाचलात, याचा अर्थ पुढच्या वेळीही वाचाल असा मात्र होत नाही. पुडी वेगळी असेल, रात्र वेगळी असेल. पुन्हा घ्यावेसे वाटत असेल, तर ती इच्छा म्हणजेच धोक्याची घंटा आहे, आणि ती ऐकण्याची वेळ आताच आहे, कारण सुरुवातीला सुटणे सोपे असते. कोकेनची आसक्ती घालविणारी मान्यताप्राप्त गोळी अद्याप नाही. उपचार आहेत ते समुपदेशनाचे, नियमित पाठपुराव्याचे आणि सोबतीचे. आणि त्यांनी माणसे बरी होतात.

केंद्र शासनाचा १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा निःशुल्क क्रमांक आहे. कोकेनचा अंमल उतरल्यावर येणारी निराशा कधी कधी जीव नकोसा करते. अशा वेळी १४४१६ या ‘टेलि-मानस’ क्रमांकावर बोलता येते. बांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चच्या परिसरात फादर जो परेरा यांनी १९८१ साली सुरू केलेले ‘कृपा फाउंडेशन’ आणि पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली उभे केलेले ‘मुक्तांगण’ या दोन्ही संस्थांनी धर्म-जात न पाहता हजारो घरे सावरली आहेत. कायद्यातही अशा माणसासाठी जागा आहे. कलम ६४-अ नुसार, सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेऊन ते पूर्ण करील, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते.

पालकांसाठीही एक शब्द. मुलाच्या खिशांची झडती घेण्याआधी त्याच्याशी या विषयावर एकदा बोलावे आणि तेही काही घडण्यापूर्वी. ‘असले काही केलेस तर घरात पाऊल ठेवू नकोस’ हे वाक्य रागाच्या भरात अनेक घरांत उच्चारले जाते. ज्या रात्री मुलाच्या किंवा त्याच्या मित्राच्या छातीत कळ येते, त्या रात्री त्याला नेमके तेच वाक्य आठवते आणि तो घरी फोन करीत नाही. त्याऐवजी, ‘तू घेऊ नयेस, हे माझे स्पष्ट मत आहे, पण कधीही, कोणत्याही अवस्थेत, आधी मला फोन कर’ असे सांगून ठेवणे अधिक शहाणपणाचे. यामुळे शिस्त ढिली होत नाही. उलट, नकार देण्यासाठी मुलाला जी हिंमत लागते, ती बहुधा अशाच घरातून मिळते.

आणि नकार देणे वाटते तितके अवघड नसते. ‘मला नको’ एवढे दोन शब्द पुरतात. कारण देण्याची गरज नसते. आग्रह वाढला, तर उठून बाहेर पडावे. मिरा रोडच्या स्थानकातून शेवटची गाडी सुटली असली, तरी रिक्षा मिळतेच. ती रात्र फुकट गेली, मित्र हसले, एवढेच नुकसान होईल. ते दुसऱ्या दिवशी भरून निघते.